ओढ्यातला बेडूक ओळखायचा तर आधी ओढा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाटण तालुक्यात कोयनेच्या बाजूला एका गावाजवळ पावसाळी ओढा आहे. रात्री बॅटरी घेऊन गेलं की चार-पाच प्रकारचे बेडूक दिसतात. जुन्या यादीत त्यांची नावं एक, नव्या लेखांत दुसरी, आणि मोबाइलवरचं ॲप तिसरंच काहीतरी सांगतं. कॉलेजच्या प्रकल्पासाठी प्रजाती ठरवायच्या कशा, ओढ्याची नोंद कशी ठेवायची, आणि फेब्रुवारीत ओढा आटला की हे बेडूक जातात कुठे?

पाठीचा रंग पाहून सुरुवात केली की घोळ तिथेच होतो. एकाच प्रजातीचे दोन नर शेजारी शेजारी बसलेले असतात. एक विटकरी, दुसरा शेवाळी तपकिरी, आणि दोन हात अंतरावर बसलेल्या तिसऱ्याच्या पाठीवर मधोमध फिकी रेघ. ही रेघ शेतातल्या छोट्या मिनर्वार्या बेडकांत असते किंवा नसते, जंगलातल्या इंडिरानातही असते किंवा नसते. ओल्या अंगावर बॅटरीचा झोत पडला की रंग आणखीच फसवतो. ॲप चुकतं तेही इथेच. ते फोटोतल्या रंग-आकाराची जुळणी करतं, आणि ज्या फोटोंशी जुळवतं त्यांतल्या बऱ्याच फोटोंना आधीपासूनच जुनं नाव चिकटलेलं असतं. म्हणून बेडकाला हात लावण्याआधी वहीत एवढंच लिहा: तो कशावर बसला होता, पाण्यापासून किती अंतरावर, किती उंचीवर, आणि तिथलं पाणी वाहतं होतं की साचलेलं. पाच शब्दांची ही नोंद अर्धी ओळख करून देते.

याचं कारण आपल्या ओढ्यांच्या घडणीत आहे. सह्याद्रीचा हा भाग काळ्या कातळाच्या आडव्या थरांचा. महाबळेश्वर, कास, चाळकेवाडी अशा उंच सपाट जागी त्यावर जांभा. जांभा सच्छिद्र असतो, त्याच्या खालचा मातकट थर पाणी अडवतो, आणि हे दोन थर जिथे भेटतात तिथे कडेला झरे फुटतात. त्यामुळे एकाच ओढ्यावर दोनशे मीटरच्या आत चार वेगळ्या वस्त्या सापडतात: वर सड्यावरचे, म्हणजे त्या सपाट कातळावरचे, वीतभर खोलीचे खळगे, मग झिरपणारा उभा कातळ, त्याखाली दगडगोट्यांची खळाळती उतरंड, आणि शेवटी झाडांच्या सावलीतला संथ डोह. प्रत्येक ठिकाणचे बेडूक बहुतांशी ठरलेले. केरळातल्या बारमाही ओढ्यांपेक्षा आपले ओढे वेगळे पडतात ते एका बाबतीत: पाऊस चार महिने कोसळतो आणि मग जवळजवळ थांबतो. अंडी घालण्यापासून पिल्लाला पाय फुटेपर्यंतचं सगळं वेळापत्रक या चार-पाच महिन्यांत बसवावं लागतं.

पावसाची उतरणही लक्षात ठेवा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पूर्वेला वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि माण-खटावकडे ५०० मिलिमीटरच्या घरात. त्यामुळे खरे डोंगरओढ्याचे बेडूक साताऱ्यात महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि सातारा तालुक्याच्या पश्चिम कडेला, तर सांगलीत शिराळ्याच्या पश्चिम टोकाला, चांदोलीच्या बाजूलाच मिळणार. जत-आटपाडीच्या ओढ्यात रात्री आवाज येतो तो डराव या मोठ्या बेडकाचा, टिचकी मारत पळणाऱ्या युफ्लिक्टिसचा किंवा छोट्या मायक्रोहायलाचा. तिथून कोणी 'नाइट फ्रॉग'ची, म्हणजे रातबेडकाची, नोंद पाठवली तर फोटो न बघताही शंका घ्यावी.

आता तुमच्या ओढ्यावर.

खळाळत्या पाण्यातल्या दगडांच्या फटीत, अर्धं अंग पाण्यात ठेवून बसलेला, सुरकुतलेल्या कातडीचा, रुंद डोक्याचा बेडूक दिसला तर तो निक्टिबॅट्रॅकस, म्हणजे रातबेडूक. त्याची खूण डोळ्यात आहे. बॅटरी थोडी तिरपी धरून बाहुली बघा: उभी, चौकटच्या पत्त्यावरच्या आकारासारखी. कानाचा पडदा बाहेरून दिसतच नाही. इंडिराना आणि सोनेरी पाठीचा इंडोसिल्विराना या दोघांची बाहुली आडवी आणि कर्णपटल ठसठशीत. एवढी एक गोष्ट जवळून पाहिली तरी जीनसची, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाची, चूक होत नाही. बहुतेक जण मात्र फोटो वरून काढतात आणि डोळा फोटोत येतच नाही.

साताऱ्याच्या पट्ट्यातला मोठा रातबेडूक म्हणजे निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी. १९५५ मध्ये भादुरी आणि कृपलानी यांनी वर्णन केलेला, चार-पाच सेंटिमीटरचा. याची अंडी पाण्यात शोधू नका. ती पाण्यावर झुकलेल्या पानांवर, काटक्यांवर किंवा शेवाळलेल्या कातळावर असतात. पारदर्शक जेलीत काळपट ठिपके, खाली वाहतं पाणी. नर जवळपास थांबून आवाज देत असतो. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात आणि तळच्या दगडांना, पानांच्या थराला चिकटून राहतात. या प्रजातीच्या मिलनाची पद्धत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्या अभ्यासाचं क्षेत्रकाम कोयनेजवळच्या हुंबरळी परिसरातलं आहे. एरवी बेडकांत नर मादीला काखेत किंवा कमरेला घट्ट आवळून धरतो. इथे तो तिच्या पाठीवर बसतो, पण हात मात्र पानावर, फांदीवर किंवा जमिनीवर टेकवतो. शुक्राणू तिच्या पाठीवर पडतात, नर निघून जातो, आणि मादी त्यानंतर अंडी घालते. शिवाय इथे मादीही आवाज देते, जे बेडकांत क्वचित. म्हणजे तुमच्या तालुक्यातल्या ओढ्यावर ही गोष्ट डोळ्यांनी बघता येते. अट एकच: जोडीवर पांढऱ्या बॅटरीचा झोत धरून बसायचं नाही. लाल कागद लावा किंवा प्रकाश बाजूच्या दगडावर टाका, नाहीतर ती वेगळी होतात.

त्याच्याच जीनसमधली दुसरी, लहान प्रजाती म्हणजे निक्टिबॅट्रॅकस डॅनिएली. निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांचं नाव तिला दिलेलं आहे. २०११ मध्ये या जीनसचा मोठा आढावा झाला आणि एकदम १२ नव्या प्रजाती नोंदल्या गेल्या, त्यातली ही. हुमायूनीचं पिल्लू आणि डॅनिएलीचा पूर्ण वाढलेला नर यांत गल्लत होणं साहजिक आहे. तेव्हा आकारावर न जाता प्रौढपणाची खूण शोधा: नराच्या मांडीच्या खालच्या बाजूला फिकट, किंचित उंच ग्रंथी असते. लहान बेडकाला ग्रंथी स्पष्ट असेल तर तो लहान प्रजातीचा प्रौढ नर असण्याची शक्यता मोठी. ग्रंथी नसेल तर पिल्लू किंवा मादी, आणि मग जीनसवरच थांबायचं. 'निक्टिबॅट्रॅकस, प्रजाती अनिश्चित' ही पूर्णपणे सन्माननीय नोंद आहे. चुकीच्या नावापेक्षा तिची किंमत कितीतरी जास्त.

झिरपणाऱ्या कातळाकडे वळू. धबधब्याच्या बाजूला, रस्ता फोडताना उघड्या पडलेल्या ओल्या भिंतीवर, पाण्याचा नुसता पापुद्रा वाहत असतो. तिथे तळहात दूर ठेवून नीट बघितलं तर दगडाला चिकटलेले लांब शेपटीचे, फुगीर डोळ्यांचे टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, दिसतात. शेपटीचे पडदे अगदी बसके, मागचे पाय इतर टॅडपोलच्या मानाने लवकर फुटलेले. ते पोहत नाहीत, ओल्या दगडावरचं शेवाळ खरवडतात. बोट जवळ नेलं की शेपटीचा झटका देऊन उसळी मारतात आणि वीतभर खाली पुन्हा चिकटतात. हे इंडिराना. रॅनिक्झॅलिडी हे त्यांचं कुळ भारताबाहेर कुठेही नाही. प्रौढ इंडिराना मात्र ओढ्यात कमी आणि काठावरच्या पालापाचोळ्यात जास्त दिसतो. लांब मागचे पाय, बोटांच्या टोकांना छोट्या चकत्या, पाठीवर तुटक उभ्या घड्या, डोळ्यामागून कर्णपटलावर जाणारा गडद पट्टा. पाऊल पडलं की एका उडीत दिसेनासा होतो.

जुन्या याद्यांत महाराष्ट्रातल्या या बेडकांना सर्रास 'इंडिराना बेडोमी' म्हटलेलं आहे. बेडोमी ही दक्षिणेकडची. २०१४ मध्ये आंबोलीच्या नमुन्यांवरून इंडिराना चिरवासी ही प्रजाती वेगळी काढली गेली, आणि इंडिराना लेइथी हे नाव मुळात माथेरानच्या बेडकाला प्राणिशास्त्रज्ञ बुलेंजरने १८८८ मध्ये दिलेलं. तुमच्या ओढ्यावर इंडिराना दिसला तर पहिला संशय चिरवासीवर घ्या, लेइथीची शक्यता उघडी ठेवा, आणि बेडोमी हे नाव वहीतून काढून टाका.

संथ डोहाच्या काठी, मुळांवर किंवा पाण्यात पडलेल्या ओंडक्यावर बसलेला, पाठ सोनेरी-तपकिरी आणि कुशी गडद, दोन्ही बाजूंनी डोळ्यापासून कमरेपर्यंत सलग घडी असलेला बेडूक म्हणजे इंडोसिल्विराना सिझरी. हाच पूर्वी 'हायलाराना टेम्पोरॅलिस' होता. २०१४ च्या अभ्यासात टेम्पोरॅलिस हे नाव श्रीलंकेपुरतं उरलं आणि आपल्याकडच्यांना नवी नावं मिळाली. त्याच्याशी गल्लत होते ती हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या बेडकाची. त्याची पाठ विटकरी ते लालसर, कुशी काळपट, अंगाने जाड, आणि तो ओढ्यापेक्षा शेततळं, विहीर, घराच्या पडवीशी जास्त जवळ. २०१५ पर्यंत तो 'मलबारिका' होता. दोघेही एकाच ओढ्यावर मिळू शकतात, त्यामुळे पाठीच्या रंगाबरोबर बोटांच्या चकत्या आणि कुशीचा फोटो हवाच.

काठाच्या झुडपात टिक-टिक करणारे नखाएवढे बेडूक ओढ्याचे नव्हेत. ते राओर्चेस्टिस, त्यांना ओढाच लागत नाही, कारण अंड्यातून थेट छोटा बेडूक बाहेर येतो, टॅडपोलची पायरी नाही. ओढ्याच्या यादीत त्यांना धरायचं असेल तर 'काठ' असा वेगळा रकाना करा, नाहीतर ओढा आटण्याचा परिणाम मोजताना आकडे फसतात. २०१३ मध्ये महाराष्ट्रातून वर्णन झालेला राओर्चेस्टिस घाटेई याच गटातला, प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या नावाचा. सड्यावरच्या खळग्यांत पहिल्या पावसात पिवळट चट्ट्यांचा छोटा भेक (टोड) दिसला तर तो कोयनेचा खास: सोमण यांनी १९६३ मध्ये बुफो कोयनायेन्सिस म्हणून वर्णन केलेला, २००९ पासून झँथोफ्राइन या जीनसमध्ये. तो संकटग्रस्त आहे आणि त्याचं जगाच्या पाठीवरचं क्षेत्र फार लहान आहे. त्याला हात न लावता फोटो, जागा आणि तारीख पुरे.

पाय हवेत हलवून खूण करणारे 'नाचरे बेडूक', म्हणजे मायक्रिक्झॅलस, तुमच्या ओढ्यावर शोधत बसू नका. ती दक्षिणेकडची मंडळी. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाच्या अलीकडे त्यांची अपेक्षा ठेवायची नाही.

नावं सतत का बदलतात, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात रास्त भाग. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडचा जवळपास प्रत्येक घडीचा बेडूक 'राना' आणि प्रत्येक भेक 'बुफो' होता. वर्गीकरण बाह्य आकारावर चालायचं, आणि ओढ्यातल्या आयुष्याने आकार सारखे होतात. वाहत्या पाण्यात टिकायचं तर चकत्या, बोटांतले पडदे, चपटं अंग उपयोगी. मग नातं नसलेल्या कुळांतही तेच दिसतं. डीएनए हाताशी आल्यावर कळलं की निक्टिबॅट्रॅकस, इंडिराना आणि मायक्रिक्झॅलस ही तीन स्वतंत्र आणि फार जुनी घराणी आहेत, आणि तिन्ही या भूमीतच वाढलेली. दुसरं कारण मूळ नमुन्याच्या जागेचं. नाव ज्या गावच्या नमुन्यावरून दिलं गेलं, ते नाव त्या गावच्या लोकसंख्येला बांधलेलं असतं. शेतातल्या छोट्या बेडकाला आपल्याकडे वर्षानुवर्षं 'लिम्नोकॅरिस' म्हणत, पण त्या नावाचा मूळ नमुना जावा बेटावरचा. इथल्यांना मिनर्वार्या सह्याद्रेन्सिस आणि त्याच्या जवळच्या प्रजाती असं वेगळं करावं लागलं. फिलॉटसचा राओर्चेस्टिस २०१० मध्ये झाला, बुफो मेलॅनोस्टिक्टसचा डुटाफ्रायनस २००६ मध्ये. तेव्हा प्रकल्पात प्रत्येक नावासमोर ते कोणत्या वर्षाच्या यादीनुसार आहे ते लिहा. पुढच्या बदलात तुमची नोंद वाचते ती यामुळे.

आता प्रत्यक्ष काम. ओढ्याचा १०० मीटरचा एक पट्टा ठरवा आणि दर १० मीटरवर झाडाला रंगीत दोरी बांधा. खुणेसाठी झाडाच्या सालीवर तैलरंग नको. दिवसा एकदा जाऊन प्रत्येक टप्प्याची रुंदी, खोली, तळ कशाचा आहे (कातळ, गोटे, वाळू, पानांचा थर) आणि वरची सावली लिहून घ्या. पाण्याचा वेग मोजायला महागडं यंत्र लागत नाही: पाच मीटर सरळ पट्टा घ्या, संत्र्याच्या सालीचा तुकडा वर सोडा, किती सेकंदांत येतो ते तीनदा मोजा, सरासरी काढा आणि पृष्ठभागाच्या त्या वेगाला ०.८५ ने गुणा. रात्री सात ते दहा ही वेळ ठेवा. चालायचं ते खालून वर, म्हणजे गढूळ पाणी तुमच्या मागे जातं. दोघांनी शोधायचं, तिसऱ्याने फक्त लिहायचं. शोधणाऱ्याच्याच हातात वही दिली की एक तर नोंद राहते किंवा बेडूक. प्रत्येक फेरीत हवेचं आणि पाण्याचं तापमान, आर्द्रता, आधीच्या चोवीस तासांतला पाऊस, आणि फेरी सुरू-बंद केल्याची वेळ.

एकाच फेरीवर कधीही निष्कर्ष काढू नका. धो धो पावसात रातबेडूक फटींत असतो आणि ओढ्याच्या आवाजात त्याची हाक बुडते. त्याच पट्ट्यावर दोन दिवसांनी रिमझिम असताना आकडा कितीतरी वाढतो. बेडूक नव्हता आणि दिसला नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोच पट्टा दोन-तीन आठवड्यांच्या आत किमान तीनदा, तेवढाच वेळ देऊन चाला. काही न सापडलेल्या रात्रीचीही पूर्ण नोंद करा. पुढच्या गणितात ती शून्यं लागतात.

वेळापत्रक साधारण असं धरा. वळवाच्या सरींबरोबर झुडपातले बेडूक ओरडू लागतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सड्यावर भेक आणि शेतात डराव. ओढ्याला धार लागली की जूनअखेरीपासून रातबेडूक आणि इंडिराना. पानांवरची अंडी जुलै ते सप्टेंबर शोधावीत. ऑगस्टमध्ये चार-पाच दिवसांची कडक उघडीप पडली तर पानांवरच्या अंड्यांची जेली सुकते, आणि काठाची झाडी तोडलेल्या भागात हे आधी होतं. प्रकल्पासाठी एक साधा, चांगला प्रश्न इथेच आहे: सावलीच्या आणि उघड्या टप्प्यांतल्या अंड्यांच्या पुंजक्यांची एकाड एक दिवशी पाहणी करा आणि किती पुंजके पिल्लं पडेपर्यंत टिकले ते मोजा. फक्त बघायचं, पान हलवायचं नाही.

फोटोंचा क्रम ठरलेला असू द्या: बसल्या जागी एक, मग बाजूने डोळा आणि कर्णपटल, वरून पाठ, पोट, कूस आणि जांघ, मांडीची मागची बाजू, हाताचा तळवा, आणि पायाची बोटं अलगद पसरवून त्यांतला पडदा. शेवटचे दोन बहुतेकांकडे नसतात, आणि वेगळेपण नेमकं तिथेच असतं. बोटांचा पडदा कुठपर्यंत आलाय, चकतीच्या वर खाच आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय निक्टिबॅट्रॅकसची प्रजाती कोणी जबाबदारीने सांगणार नाही. मिनर्वार्याची बोटं टोकाला निमुळती आणि चकत्या नाहीत, एवढ्यावरून तो इंडिरानापासून वेगळा होतो. फोटो व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवू नका; आकार दाबला जातो आणि जागा-वेळेची माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. जीपीएसची जागा दशांश अंशांत, पाच दशांश स्थळांपर्यंत, सोबत उंची. 'कोयना' एवढंच लिहिलेल्या नोंदीचा दहा वर्षांनी काहीच उपयोग होत नाही.

मोजायचं असेल तर व्हर्नियर कॅलिपरने, ०.१ मिलिमीटरपर्यंत: नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, डोक्याची रुंदी, डोळ्याचा आणि कर्णपटलाचा व्यास, नडगीची लांबी. एकाच माणसाने सगळी मोजमापं घ्यावीत. जिवंत बेडूक अंग आखडतो, त्यामुळे लांबीत दोन मोजणाऱ्यांमध्ये मिलिमीटरभराचा फरक सहज पडतो, आणि तीन सेंटिमीटरच्या बेडकात तो फरक मोठा आहे. आवाज डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर, बेडकापासून अर्धा ते एक मीटरवरून घ्या. शेवटी बोलून तारीख, वेळ, हवेचं तापमान सांगा. थंडीत हाक संथ होते, त्यामुळे तापमान नसलेली ध्वनिफीत तुलनेला कुचकामी.

डीएनएबद्दल दोन शब्द. साधारण ५५० बेसजोड्यांचा १६एस जनुकाचा तुकडा बेडकांत सर्वाधिक वापरतात, आणि तीन टक्क्यांच्या आसपासचा फरक हा वेगळ्या प्रजातीचा इशारा मानतात. इशाराच, निकाल नव्हे. सार्वजनिक संग्रहातल्या काही डीएनए-क्रमांनाही जुनी, चुकीची नावं आहेत, म्हणून तुलना करताना मूळ जागेच्या नमुन्याचा क्रम कोणता ते शोधून त्याच्याशीच करा. शिवाय यासाठी ऊतक घ्यावं लागतं, आणि ते परवानगीशिवाय करायचं नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात, रात्री पाऊल ठेवायलाही वनविभागाची लेखी परवानगी लागते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी हद्दीबाहेरचा, गावाच्या देवराईतला किंवा मालकीच्या जमिनीतला ओढा निवडा, ग्रामपंचायतीला पत्र द्या, वनरक्षकाला आधी कळवा. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला तुमची यादी दिलीत तर ती लोक जैवविविधता नोंदवहीत जाते. अनेक नोंदवह्यांत बेडकांच्या पानावर 'बेडूक' एवढाच एक शब्द असतो.

हाताळणीत सर्वाधिक नुकसान होतं ते हातांनीच. बेडकाची कातडी श्वासाचं काम करते आणि अंगावर पडेल ते शोषून घेते. तंबाखू-चुना मळलेली बोटं, डासांचं मलम, सॅनिटायझर, यांतलं काहीही हाताला असताना बेडूक धरायचा नाही. चुन्याने तर कातडी अक्षरशः भाजते. हात ओढ्याच्याच पाण्यात ओले करा, धरायचा तर मागच्या पायांच्या मांड्यांशी हलकेच. मोजायला वेळ लागणार असेल तर पारदर्शक पिशवीत चमचाभर पाणी, भरपूर हवा, एका पिशवीत एकच बेडूक, आणि दहा-पंधरा मिनिटांत तो जिथला तिथे. दहा मीटर खाली सोडला तर त्याची हद्द गेली आणि तुमची पुढची मोजणीही बिघडली.

बुरशीचा प्रश्न हलक्यात घेऊ नका. बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीची भारतातली पहिली नोंद २०११ मध्ये पश्चिम घाटातल्या इंडिरानावर झाली, आणि नंतरच्या पाहण्यांत ती बऱ्याच ठिकाणी सापडली. मध्य अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात झाली तशी सामूहिक मरतूक इथे नोंदलेली नाही, पण एका ओढ्याचा चिखल दुसऱ्या ओढ्यात नेण्याला ती सबब नाही. गमबूट, जाळी, पिशव्या आधी ब्रशने धुवा. मग चार टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये पंधरा मिनिटं किंवा ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, आणि पूर्ण वाळवा. हे धुणं ओढ्याच्या काठावर नव्हे, घरी. मोजपट्टी आणि कॅलिपर लोक विसरतात.

तुमच्या जिवाचंही बघा. कातळ शेवाळाने निसरडा. चांगल्या पकडीचे बूट, हातात काठी. वरच्या बाजूला ढगफुटीसारखा पाऊस झाला तर ओढा दहा मिनिटांत चढतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली की वही मिटा आणि काठावर या. हिरवा बांबू चापडा हा विषारी साप नेमका बेडकांच्याच उंचीवर, ओढ्यावर झुकलेल्या फांदीत बसतो, कारण तोही त्यांच्यासाठीच आलेला असतो. फांदीला हात घालण्याआधी बॅटरी.

राहिला शेवटचा प्रश्न. ओढा आटतो म्हणजे वरचं पाणी दिसेनासं होतं. गोट्यांच्या खाली, कातळाच्या भेगेत ओल टिकते. प्रौढ रातबेडूक आणि इंडिराना अशाच जागी, पानांच्या जाड थराखाली, मुळांच्या पोकळीत, जांभ्याच्या छिद्रांत, झऱ्याच्या तोंडाशी उन्हाळा काढतात. जो टॅडपोल तोवर पाय फुटून बाहेर पडला नाही तो शेवटच्या डोहाबरोबर संपतो. म्हणून उन्हाळ्यात ओढ्याचा जीव असतो तो दोन-चार झिरप्यांत, आणि नेमक्या त्याच झिरप्यांवर पाइप टाकून पाणी हॉटेलला, बागेला नेलं जातं, किंवा झरा काँक्रीटच्या टाकीत बंद केला जातो. एप्रिलमध्ये दिवसा तुमचा १०० मीटरचा पट्टा पुन्हा चाला आणि ज्या जागी बोट घातलं तर माती ओली लागते त्या जागांचे जीपीएस बिंदू घ्या. दगड उलटा केलाच तर पूर्ववत ठेवा, त्याच बाजूने, त्याच खाचेत. पुढच्या जुलैत सर्वांत आधी हाक कुठून येते ते या बिंदूंशी ताडून बघा. पाइप टाकू पाहणाऱ्या कोणाशी ग्रामसभेत बोलायची वेळ आली, तर हाच नकाशा पुढे ठेवता येईल.